हुर्यो आणि टाळी

कलावंत आणि रसिक यांच्यातील नाते कराराचे की विश्वासाचे, हा प्रश्न आपल्या साहित्यविचारात फारसा थेटपणे विचारला गेलेला नाही. कलावंताच्या स्वातंत्र्याविषयी आपण पुष्कळ लिहिले. त्याच्या सामाजिक बांधिलकीविषयीच्या वादांनी तर काही दशके आपल्या नियतकालिकांची पाने व्यापली होती. परंतु ज्याच्यासमोर कला सादर होते त्या श्रोत्याला काही हक्क असतात काय, आणि ते दुखावले गेले असे वाटल्यास त्याने काय करावे, याकडे आपण अभिरुचीची बाब म्हणूनच पाहत आलो. मला हा प्रश्न अभिरुचीइतकाच नीतीचा वाटतो. तो एका परक्या देशातील उन्हाळी संगीतमहोत्सवाच्या निमित्ताने माझ्यापुढे उभा राहिला. त्याचे मूळ मात्र, पुढे दिसेल त्याप्रमाणे, माझ्याच एका जुन्या वर्तनात होते.

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या बंदरगावी १९५९ साली लोकसंगीताचा महोत्सव सुरू झाला. १९६३ मध्ये त्याची पुनर्रचना झाली ती एका उदात्त कल्पनेवर: महोत्सव नफ्यासाठी नसावा, त्याचा कारभार गायकांनीच पाहावा, आणि नामवंत असो वा एखाद्या डोंगरी खेड्यातला अज्ञात वादक, प्रत्येकाला मानधन सारखेच, पन्नास डॉलर मिळावे. या कल्पनेमागे ज्यांचे नाव मुख्यत्वे घेतले जाते ते पीट सीगर हे केवळ गायक नव्हते. सगळ्यांनी मिळून गावे आणि गाता गाता माणसांनी एकमेकांच्या जवळ यावे, हा त्यांचा जीवनभराचा ध्यास होता. त्या वर्षीच्या महोत्सवात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातील गायक, सीगर, जोन बाएझ आणि बावीस वर्षांचा बॉब डिलन हात हातांत गुंफून रंगमंचावर उभे राहिले आणि त्यांनी जे गीत गायिले, ते पुढे गिरिजाकुमार माथुरांच्या हिंदी शब्दांतून 'हम होंगे कामयाब' होऊन आपल्या शाळाशाळांत पोहोचले. महिनाभरातच, २८ ऑगस्टला, वॉशिंग्टनला ऐतिहासिक मोर्चा निघाला. तेथेही डिलन आणि बाएझ गायले. गाणे आणि चळवळ, कवी आणि समूह यांच्यात जणू अंतरच उरले नव्हते.

दोनच वर्षांनी, २५ जुलै १९६५ च्या रात्री, त्याच डिलनने न्यूपोर्टच्या रंगमंचावर विजेवर चालणारी गिटार हाती घेतली. मागे ढोल, बास आणि ऑर्गन यांचा दणदणाट होता. त्याने तीन गाणी म्हटली. श्रोत्यांतून हुर्यो उठली. टाळ्याही वाजल्या, कोणत्या अधिक होत्या, याविषयी तेथे हजर असलेल्यांतही आजतागायत एकमत नाही. डिलन आत गेला. पीटर यॅरो यांनी विनवून त्याला परत आणले, तेव्हा साधी गिटार घेऊन त्याने आणखी दोन गाणी म्हटली आणि तो निघून गेला. सीगर यांनी कुऱ्हाड घेऊन विजेची तार तोडण्याचा प्रयत्न केला, अशी एक दंतकथा रूढ आहे. कुऱ्हाड असती तर आपण तार तोडली असती, असे मात्र ते स्वतःच नंतर सांगत. आणि त्याचे कारणही सांगत. आवाज इतका फाटत होता की शब्दच ऐकू येत नव्हते.

हुर्यो कशासाठी होती, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. कुणी म्हणतात, ध्वनियोजना सदोष होती म्हणून. कुणी म्हणतात, ज्याच्यासाठी दुरून आलो तो तीनच गाणी म्हणून निघाला म्हणून. निव्वळ अनपेक्षिततेचा हा धक्का असावा, हे मात्र पटत नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निघालेल्या डिलनच्या ध्वनिमुद्रिकेची एक अख्खी बाजू विजेच्या वाद्यांची होती; 'लाइक अ रोलिंग स्टोन' तर पाचच दिवसांपूर्वी बाजारात आले होते. श्रोत्यांना ठाऊक होते. ठाऊक असूनही त्यांना वाटत होते की येथे, आपल्यापुढे, तो तसे करणार नाही. फसवणूक नेहमी अज्ञानातच होते असे नाही. पुष्कळदा ती आशेत होते.

इतिहासाने निकाल कुणाच्या बाजूने दिला, हे सर्वज्ञात आहे. २०१३ मध्ये त्या रात्रीची गिटार लिलावात नऊ लाख पासष्ट हजार डॉलरना विकली गेली. २०१६ मध्ये डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हुर्यो करणारे आता कथेतले विनोदी पात्र झाले आहेत: ज्यांना काळाची पावले ओळखता आली नाहीत, असे हटवादी लोक. अध्यापनाच्या काळात मीही विद्यार्थ्यांना ही कथा अशीच सांगत असे. मर्ढेकरांवरील खटला, नवकवितेची झालेली टवाळी आणि न्यूपोर्टची ती रात्र मी एका ओळीत मांडत असे आणि वर्गाला विचारत असे, 'तुम्ही त्या गर्दीत असता तर काय केले असते?' मुले हसत. आपण टाळ्याच वाजवल्या असत्या, याविषयी त्यांना शंका नसे. आणि मला माझ्याविषयी शंका असायला हवी होती, हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

कारण मी अशा गर्दीत होतो. १९८२ सालच्या हिवाळ्यात पुण्यातील एका रात्रभर चालणाऱ्या मैफलीत मध्यरात्रीनंतर एक तरुण सतारवादक बसला. त्याच्या एका बाजूला तबला होता आणि दुसऱ्या बाजूला सिंथेसायझर. त्यानंतर एक बुजुर्ग गायक यायचे होते. आम्ही त्यांच्यासाठी जागलो होतो. आलाप चालू असतानाच त्या यंत्राचा लांबट स्वर खाली पसरू लागला आणि आमच्या घोळक्यात चुळबूळ सुरू झाली. मग कुणीतरी टाळी दिली. दाद देणारी टाळी आणि उठवणारी टाळी यांतील फरक आपल्याकडच्या श्रोत्याला वेगळा सांगावा लागत नाही. ती संथ, एकसारखी, न थांबणारी टाळी देणाऱ्यांत मी होतो. माझे वय तेव्हा तेवीस होते आणि मी घराण्यांच्या शुद्धतेविषयी पुष्कळ वाचले होते. त्या वादकाने गत अर्ध्यावर थांबवली, आमच्याकडे न पाहता नमस्कार केला आणि सतारीवर गवसणी चढवायला घेतली. तिचा बंद त्याला लवकर बांधता येईना. एवढेच मला आठवते. तो काय वाजवत होता हे आठवत नाही, कारण मी ते ऐकलेच नव्हते.

या दोन रात्रींना एकत्र ठेवून पाहिले की पहिला मोह होतो तो स्वतःला दोषी ठरवून मोकळे होण्याचा. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही. सीगर यांच्यासारख्या माणसाला त्या रात्री जे दुखले ते केवळ हटवादाचे दुखणे होते काय? मला तसे वाटत नाही. सहगानात शब्द हे गायकाचे नसतात. गायक ते फक्त पुढे करतो. ते ऐकू आले पाहिजेत, कारण ते इतरांना उचलायचे असतात. विजेच्या त्या गजरात श्रोता गाऊ शकत नव्हता. तो फक्त ऐकू शकत होता. काल जो समूहाचा एक आवाज होता तो आज प्रेक्षक झाला. ही हानी खरी होती, आणि ज्या चळवळीतल्या माणसांना तुरुंगात आणि रस्त्यावर ही गाणीच बळ देत होती, त्यांच्या दृष्टीने ती लहान नव्हती.

आपल्याला हे समजणे अवघड नाही. वारीतला अभंग आणि मैफलीतला अभंग यांत हाच फरक आहे. दिंडीत अभंग म्हणणाऱ्याचा गळा चांगला की वाईट हे कुणी पाहत नाही; टाळ हातात असतो आणि धृपद सर्वांचे असते. सत्तरच्या दशकात पंडित भीमसेन जोशी यांची 'संतवाणी' लोकप्रिय झाली, तेव्हा तोच अभंग एका असामान्य गळ्यातून अपूर्व उंचीवर गेला आणि सहस्रावधी माणसे डोळे मिटून, नि:शब्द होऊन तो ऐकू लागली. मराठी मनाला मिळालेले ते मोठे दान होते, याविषयी दुमत नाही. पण हे ऐकणारे ऐकतच राहिले. त्यांतील पुष्कळांच्या घरातले भजन त्याच सुमारास थांबले. याला संतवाणी कारण झाली असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की कलेच्या प्रत्येक मोठ्या विजयाच्या वेळी कुणीतरी गप्प झालेले असते आणि समीक्षा त्याची नोंद ठेवत नाही.

असे असेल, तर हुर्यो करणाऱ्यांची बाजू न्याय्य होती असे म्हणावे काय? येथे दुसरी बाजू तितक्याच काळजीने पाहिली पाहिजे. 'लोकसंगीत म्हणजे विजेवाचूनचे संगीत' ही व्याख्या कुणाची होती? दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून उत्तरेकडच्या शिकागोसारख्या शहरांत गेलेल्या कृष्णवर्णीय मजुरांनी आपले ब्लूज कितीतरी आधीच विजेच्या गिटारीवर आणले होते. कारखान्यांच्या आणि गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जात नसे. त्या रात्री डिलनच्या मागे ढोल वाजवणारे सॅम ले आणि बास वाजवणारे जेरोम आर्नल्ड हे दोघेही हाउलिन वुल्फ या थोर ब्लूज गायकाच्या वाद्यमेळातून आलेले होते. म्हणजे ज्या गजराला 'परंपरेचा भंग' म्हटले गेले, तो एका जिवंत लोकपरंपरेचाच आवाज होता. फक्त तो शहरातल्या सुशिक्षित, सुस्थित श्रोत्याच्या मनातल्या 'लोका'चा नव्हता. आपल्या मनातला 'लोक' नेहमी थोडा मागासलेला, थोडा निरागस आणि शक्यतो गतकाळातला असावा, अशी आपली इच्छा असते. लोक मात्र आपली वाद्ये बदलत राहतात.

आपल्याकडे या वादाचा पुरावा तर पेटीच्या रूपाने घरोघर आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडलेले हे वाद्य आपल्याकडे आले, जमिनीवर बसले, आणि मराठी नाट्यसंगीत त्याच्यावाचून अपुरे वाटू लागले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या बोटांनी त्याला प्रतिष्ठा दिली. तरीही १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी केली आणि ती सत्तरच्या दशकाच्या आरंभापर्यंत टिकली. आक्षेप पोकळ नव्हते: पेटीचे स्वर स्थिर, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद तिला साधत नाहीत. हे सारे आजही खरे आहे. आणि तरीही ती बंदी चूक होती. आक्षेप खरा असणे आणि त्यावरून मनाई करण्याचा अधिकार मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणले; आज त्या वाद्याखेरीज तिकडची मैफल कल्पिता येत नाही. ज्याला आपण परंपरा म्हणतो ते पुष्कळदा जुने झालेले धाडस असते.

हे सगळे विचार मनात घेऊन काही वर्षांपूर्वी मी न्यूपोर्टला गेलो. मुलगी बोस्टनला असते. तेथून हे गाव मोटारीने दीड-दोन तासांवर. महोत्सव आता फोर्ट ॲडम्स या एकोणिसाव्या शतकातील दगडी किल्ल्याच्या आवारात भरतो. जुलैअखेरचे ऊन, तिन्ही बाजूंना खाडीचे पाणी, त्यावर नांगर टाकून फुकट गाणे ऐकणाऱ्या होड्या, आणि गवतावर सतरंज्या पसरून बसलेली हजारो माणसे. त्यांत माझ्या वयाचेही पुष्कळ होते. दुपारपर्यंत बॅन्जो, व्हायोलिन आणि साधे गळे ऐकून मी प्रसन्न झालो होतो. मग एक कृष्णवर्णीय तरुणी मंचावर आली. तिच्यामागे वादक नव्हता. एक मुलगा संगणकापुढे उभा होता. ठेका यंत्राचा, आणि तिचे बोलणे गाण्यापेक्षा वेगाने फेकलेल्या शब्दांसारखे. दोनचार मिनिटांत मी माझी टोपी उचलली आणि नातीला म्हणालो, 'चल, पलीकडे काही बरं चाललं असेल.' माझे हात टाळी देण्याच्या वयाचे राहिले नव्हते, एवढाच काय तो फरक.

सतरा वर्षांची नात उठली नाही. तिने विचारले, 'आबा, तुम्हांला आवडलं नाही की कळलं नाही?'

मी उत्तर दिले ते समीक्षकाचे: येथे स्वरविस्तार नाही, वाद्य नाही, पुनरावृत्तीखेरीज रचना नाही. ती म्हणाली, 'पण ती काय म्हणतेय ते ऐकलंत का?' मी ऐकले नव्हते. सीगर यांची तक्रार होती की शब्द ऐकू येत नाहीत. येथे शब्दांवाचून दुसरे काही नव्हते, आणि मी तक्रार करत होतो की संगीत नाही. मी पुन्हा बसलो; काहीशा नाइलाजाने, हेही सांगितले पाहिजे.

ती आपल्या आजीविषयी सांगत होती. दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या एका बाईविषयी. मधूनमधून ती थांबे आणि एक छोटी ओळ श्रोत्यांकडे फेकी. पहिल्यांदा पुढच्या थोड्याजणांनी ती परत दिली. तिसऱ्या-चौथ्या वेळी सबंध मैदानाने दिली, सतरंज्यांवरच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा. एकाने म्हणावे आणि सर्वांनी उत्तर द्यावे, ही रीत त्या देशात गुलामीच्या काळातल्या शेतांवरून आणि प्रार्थनाघरांतून आलेली आहे. आणि ज्या बंदरात आम्ही बसलो होतो, ते न्यूपोर्ट अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारात गुंतलेले होते. सीगर यांना जे हरवल्यासारखे वाटले होते ते सहगान येथे परत आले होते, आणि ज्या रूपात आले होते ते ओळखायला मी, इतकी वर्षे त्याच्यावर व्याख्याने देणारा, असमर्थ ठरलो होतो.

यावरून नवे ते सारे चांगले, असा निष्कर्ष मी काढणार नाही. त्याच दिवशी संध्याकाळी एक वाद्यमेळ झाला; तो तितकाच आधुनिक होता आणि मला तो निव्वळ पोकळ वाटला. परतताना मोटारीत त्यावरून आमचा चांगला वाद झाला आणि नातीला माझे म्हणणे पटले नाही. त्या तरुणीचे गाणेही मला पुन्हा ऐकावेसे वाटेल की नाही, सांगता येत नाही. आवड बदललीच पाहिजे असा नैतिक आग्रह कुणी कुणाला करू नये. नीतीचा प्रश्न आवडीच्या अलीकडे, ऐकण्यापाशी सुरू होतो. न ऐकता नाकारणे हा अन्याय आहे. ऐकून नाकारणे ही समीक्षा आहे. १९८२ च्या त्या रात्री मी समीक्षक म्हणून वागलो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात, जे मी ऐकले नव्हते ते दुसऱ्यांनाही ऐकू येऊ नये, याची मी व्यवस्था केली होती.

तेव्हा श्रोत्याचे हक्क कोणते, या आरंभीच्या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर असे देता येईल. श्रोत्याला दुखावले जाण्याचा हक्क आहे, आणि त्याचे ते दु:ख हास्यास्पद नसते. त्याला उठून जाण्याचा हक्क आहे. आपले मत मागाहून बोलण्याचा, लिहिण्याचा, कठोरपणे मांडण्याचा हक्क आहे. दुसऱ्याचे ऐकणे थांबवण्याचा हक्क मात्र त्याला नाही. त्याच्या बाजूने परंपरा असली तरी नाही, चळवळ असली तरी नाही. तार तोडावी असे सीगर यांना वाटले. त्यांनी ती तोडली नाही. या वाटण्यात आणि न करण्यात जे अंतर आहे, त्यातच त्यांचे मोठेपण मला आता दिसते. कलावंताच्या अंगीही एक जबाबदारी येते. त्याने श्रोत्याच्या इच्छेप्रमाणे वागावे असे नाही. पण ज्यांना आपण मागे ठेवून निघालो त्यांच्या हानीची जाण त्याला असावी. डिलन साधी गिटार घेऊन परत आला आणि दोन गाणी म्हणून गेला, ते कशाने, हे त्याचे त्याला ठाऊक. मला ते एका नात्याचा शेवट नीट करून जाण्यासारखे वाटते.

पुण्याच्या त्या वादकाला तेवढीही संधी मिळाली नाही. त्याचे नाव मी तेव्हा लक्षात ठेवले नव्हते आणि पुढे ते कुठे छापलेले दिसले, तरी मला ओळखता येणार नाही. तो वाजवत राहिला असता तर कदाचित वाईटच वाजवले असते. कदाचित त्या यंत्राच्या स्वरावर त्याला काही वेगळे सापडायचे होते. वर्गात विचारलेला तो प्रश्न आज पुन्हा विचारायची वेळ आली, तर मी आधी माझे उत्तर सांगेन आणि मग मुलांना विचारेन.